टॉवेल कोण टाकणार?

टीव्हीवर बॉक्सिंग पाहताना आपलं सगळं लक्ष ठोसे मारणाऱ्या दोघांकडे असतं. पुढच्या वेळी जरा रिंगच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे पाण्याची बादली, बुटकं स्टूल आणि टॉवेल घेतलेला एक माणूस दिसेल. तो प्रशिक्षक. तीन मिनिटांची फेरी झाली की एक मिनिट विश्रांती. तेवढ्यात तो आपल्या खेळाडूचं तोंड पुसतो, पाणी देतो, जखमेतलं रक्त थांबवतो, कानात चार गोष्टी सांगतो. आणि कधी कधी 'आता पुरे' म्हणतो. त्यासाठी पूर्वी टॉवेल सरळ रिंगमध्ये फेकत. मला विचाराल तर या खेळातलं सगळ्यात अवघड काम हेच!

कारण मोठा खेळाडू आपणहून थांबत नाही. अमेरिकेचा ज्यो लुई १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षं हेवीवेट गटाचा जगज्जेता होता. पंचवीस वेळा त्याने ते पद राखलं आणि मग ऐटीत निवृत्त झाला. पण सरकारी कराची मोठी बाकी डोक्यावर होती. महायुद्धाच्या काळात दोन लढतींची कमाई त्याने नौदलाच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली होती, तरी बाकी फुगतच गेली. मग काय, पुन्हा ग्लोव्हज चढवले. २६ ऑक्टोबर १९५१ ला सदतीस वर्षांच्या लुईला रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत दोरांपलीकडे पाडलं. लुई हे मार्सियानोचं दैवत. लढतीनंतर तो खोलीत जाऊन रडला. जिंकलेला रडतोय, बघा!

पैसा हे एक कारण झालं. महंमद अलीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. बावीसाव्या वर्षी, १९६४ मध्ये, तो पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा त्याला ठोसा लागायचाच नाही. मान जराशी मागे, आणि समोरच्याचा हात हवेत! पण वय वाढतं तसे पाय मंदावतात. अली ठोसे चुकवण्याऐवजी ते सोसायला लागला, आणि सोसून जिंकायलाही लागला. घात इथेच झाला. एका मोठ्या ठोशाने माणूस कोसळतो ते सगळ्यांना दिसतं. कवटीच्या आत मेंदू हजारदा हादरतो, ते कुणालाच दिसत नाही.

१ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली आणि ज्यो फ्रेझियर चौदा फेऱ्या एकमेकांना बडवत होते. फ्रेझियरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. शेवटची फेरी तेवढी उरली होती. पण त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. रिंगमध्ये जीव गेलेले मुष्टियोद्धे त्यांनी पाहिले होते. फ्रेझियर 'मला लढायचंय' म्हणत राहिला. तिकडे अलीही पार थकला होता. एकच फेरी, कदाचित तोच जिंकला असता! फच यांनी ऐकलं नाही.

आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डी रंगते तेव्हा मला फच आठवतात. गुडघा सोलून निघालेला, डोळ्यांत पाणी, आणि विचारलं तर, "बाई, कुठं काय लागलंय!" त्याला बाहेर बसवलं की पुढचे दोन दिवस तो माझ्याशी धड बोलत नाही. 'हार मानायची नाही' हे फळ्यावर मीच लिहिलेलं असतं ना, मग त्याचा राग काही खोटा नाही.

अलीला थांबा म्हणणारं कुणी नव्हतं असं नाही. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी १९७७ मध्ये त्याचे तपासणीचे कागद पाहिले. मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्यांनी अलीला आणि त्याच्या जवळच्या माणसांना पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही, असं त्यांनी पुढे सांगितलं. ते अलीला सोडून गेले.

पुढच्या वर्षी अली हरला, परत जिंकला, तिसऱ्यांदा जगज्जेता झाला आणि १९७९ मध्ये निवृत्त झाला. तिथेच गोष्ट संपायला हवी होती. (१९८० च्या जानेवारीत तो दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनीय सामना खेळला. घरात आजोबा असतील तर विचारा, आठवत असेल.) पण त्याच ऑक्टोबरात अडतीस वर्षांचा अली लास व्हेगासला लॅरी होम्ससमोर उभा राहिला. हा होम्स एकेकाळी अलीचाच सरावातला जोडीदार. दहाच्या दहा फेऱ्या होम्सच्या! मारता मारता तो पंचांकडे बघत होता, थांबवा आता, असं. शेवटी अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. अलीच्या गोटातलाच एक जण त्यांचा स्वेटर धरून 'अजून एक फेरी' म्हणून गयावया करत होता. त्याचंही अलीवर प्रेमच होतं, बरं का.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मग जॉर्ज फोरमन?" खरंय. १९९४ मध्ये पंचेचाळीसाव्या वर्षी त्याने सव्वीस वर्षांच्या मायकल मूररला पाडून जगज्जेतेपद मिळवलं. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं. पण असा एक फोरमन जिंकतो आणि दहा जणांना वाटतं, आपणही जिंकू! २०२४ मध्ये माइक टायसन अठ्ठावन्न वर्षांचा असताना सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलपुढे उतरला आणि गुणांवर हरला. तेव्हा मला बघवलं नाही.

अली मात्र होम्सनंतरही थांबला नाही. अमेरिकेत परवाना मिळणं अवघड झालं, म्हणून ११ डिसेंबर १९८१ ला बहामा बेटांवर, नसाऊला, तो ट्रेव्हर बर्बिकशी लढला. चाळिशीला महिनाभर बाकी होता. ही त्याची एकसष्टावी लढत. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. नसाऊला तयारी इतकी तुटपुंजी होती की सगळ्यांना पुरतील एवढे ग्लोव्हजही नव्हते. फेरीची घंटासुद्धा कुणी आणली नव्हती. शेवटी गाईच्या गळ्यात बांधतात तसली एक घंटा कुठून तरी मिळवली. दहाव्या फेरीनंतर तीच वाजली, आणि अली गुणांवर हरला.