पुलानं हललंच पाहिजे

पूल हलतो म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. मोजणाऱ्याची धास्ती उलटी: हलायला हवा तो पूल हलेनासा झाला तर? स्कॉटलंडमधला, १९६४ साली खुला झालेला फोर्थ रोड पूल घ्या. मधला गाळा १,००६ मीटरचा. दहा अंशांनी तापलं तर एवढ्या लांबीचं पोलाद सुमारे १२ सेंटिमीटर वाढतं. वारा आणि ट्रक वेगळेच. म्हणून पुलावर रिसीव्हर बसवून उपग्रहांच्या आधारे होणाऱ्या मोजणीकडे मी धोक्याची घंटा म्हणून पाहत नाही. पुलाची रोजची चाल ओळखण्याचं ते साधन आहे. तापमान, वारा, रहदारी यांच्याशी हालचालीचा मेळ वर्षभर घालून ठेवला, की भर उन्हातही डेकचं, म्हणजे रस्त्याच्या तक्त्याचं, टोक सरकलं नाही तर त्याखालचं सरकतं बेअरिंग जाम झाल्याचा संशय घेता येतो.

मोबाइलवरचा नकाशा काही मीटर चुकतो, मग सेंटिमीटर कुठून मोजणार, असं विचारलं जातं. पण मोजणीचा रिसीव्हर खुद्द लहरीचा अंश वाचतो. जीपीएसची मुख्य लहर जेमतेम १९ सेंटिमीटर लांबीची आहे, आणि काठावरच्या स्थिर बेस स्टेशनशी तुलना केली की दोघांची समाईक चूक वजा होते. खरी डोकेदुखी परावर्तनाची. जीपीएसचे उपग्रह रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, त्यामुळे मनोऱ्यावरून उसळलेली लहर पुन्हा तशीच येते आणि ओळखून काढून टाकता येते. शेजारून गेलेल्या कंटेनरचं तसं नाही. उंचीतली चूक तर मोठीच राहते. सगळे उपग्रह वर, खालून पाहणारा कुणी नाही. आखूड दगडी कमानीवर हा खर्च मी करणार नाही. तिची हालचाल या चुकीतच बुडून जाईल.

सगळ्यात वजनदार आक्षेप, या मोजणीला न दिसणाऱ्या भेगांचा. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९६७ साली एका दुव्यातल्या बारीक भेगेनं कोसळला, ४६ माणसं गेली. डिसेंबर २०१५ मध्ये फोर्थच्या डेकखालची एक पिन जाम झाली, जोडलेला पोलादी भाग तडकला आणि पूल बंद करावा लागला. हलायला हवं ते हललं नाही, तरी इतक्या आतलं दुखणं रिसीव्हरला दिसत नाही. तिथे दोरावर लोंबकळणारा तपासनीसच हवा. मात्र वादळी रात्री तो पुलावर नसतो. कुठल्या भागानं किती सोसलं, सकाळी आधी कुठे उतरायचं, हे नोंदी सांगतात. त्यासाठी गाळ्याच्या मध्यावर दोन्ही कडांना एकेक रिसीव्हर लागतो. एकाच कडेची नोंद वर गेली, तर पूल उचलला गेला की पिळला, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि काटकसरीत कात्री लागते ती नेमकी त्या दुसऱ्या रिसीव्हरला.