ऑर्गन वाजता राहावा

गेली कितीतरी वर्षं मी मंडळीत, मित्रांत, जमेल तिथे एकच सांगत आलो, की पाइप ऑर्गन आपल्या उपासनेचा नाही. ज्या चर्चमध्ये तो बंद पडलाय तिथे तसाच राहू द्यावा, फार तर एखाद्या संग्रहालयाला द्यावा, पण त्याच्या दुरुस्तीवर पैसा घालू नये. आज मला तसं वाटत नाही. माझं ऐकून आपलं मत ठरवलेली माणसं आजूबाजूला आहेत, म्हणून हे मनोगत.

जुन्या मताला आधार थोर माणसाचा होता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग, भजन, कीर्तन पुन्हा आणलं. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व-दीर्घाची कशी ओढाताण होते, हे आमच्या जुन्या गीतांत आजही ऐकू येतं. टिळकांच्या ओळी गाताना जीभ अडखळत नाही. यावरून मी पुढचा निष्कर्ष काढला होता की टाळ, मृदंग, एकतारी आपली आणि ऑर्गन साहेबाचा. मुंबईतली चर्चंही हेच सांगतायत असं वाटे. सेंट थॉमस कॅथीड्रल 1718 साली कंपनीच्या इंग्रजांसाठी उघडलं. कुलाब्याचं अफगाण चर्च 1858 सालचं, अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं. दोन्हीकडे पाइप ऑर्गन. यात माझं काय?

शिवाय मी जामसरचा. जव्हार तालुक्यात भात पिकायला लागलं की तारपा हे आमचं फुंकवाद्य बाहेर निघतं. मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हातात हात गुंफलेली साखळी, आणि तारप्याची चाल बदलली की पावलं बदलतात. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला संगमरवरी पाट्यांच्या भिंतीवरचे ते चकचकीत नळे परके वाटले, तर ते समजण्यासारखं होतं.

आमच्या मुंबईतल्या मेथडिस्ट मंडळीत ऑर्गनच्या दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा विरोधात बोलायचं म्हणून मी वाचायला बसलो. मेथडिस्टांचा इतिहास माझ्या बाजूने बोलेल अशी खात्री होती. आणि सुरुवातीला तो बोललाही. जॉन वेस्लीची चळवळ उभी राहिली ती खाणकामगार, विणकर, बाजारातली माणसं यांच्या एकत्र गाण्यावर. त्याचा भाऊ चार्ल्स याने हजारो गीतं लिहिली आणि ती उघड्या मैदानात नुसत्या गळ्याने गाइली गेली. इंग्लंडातल्या लीड्स शहरात ब्रन्सविक चॅपलमध्ये ऑर्गन बसवायचा घाट घातला गेला, तेव्हा स्थानिक लोकांनी कडाडून विरोध केला. जिल्हा सभेने नाही म्हटलं होतं, तरी 1827 साली वरच्या परिषदेने परवानगी दिली, आणि त्या एका वाद्यापायी मोठा गट फुटून वेगळा झाला. प्रोटेस्टंट मेथडिस्ट असं नाव त्यांनी घेतलं.

मला हवा तो पुरावा हाती आला होता. पण तो वाचता वाचता माझाच पाया हलला. ऑर्गन जर साहेबाचा, तर लीड्सचे लोक त्याच्याविरुद्ध का उठले? त्यांनाही तो वरून लादलेला वाटला होता. त्यांचं भांडण होतं ते कोण ठरवणार यावर, गाणाऱ्यांना विचारणार की नाही यावर. म्हणजे मी ज्याला देशी-विदेशी समजत होतो ते दुखणं खुद्द त्या देशातही होतं, आणि त्याचं मूळ वाद्याच्या जन्मगावात नव्हतं. त्याच वेस्ली घराण्याची दुसरी बाजूही मग दिसली. चार्ल्सचा मुलगा सॅम्युएल आपल्या काळातला इंग्लंडचा अग्रगण्य ऑर्गनवादक झाला. बाखचं संगीत इंग्लंडात रुजावं म्हणून तो झटला. नातू सॅम्युएल सेबॅस्टियन हाही त्याच वाटेने गेला. मैदानात गाणाऱ्या माणसाच्या घरात दोन पिढ्या ऑर्गन नांदला.

मुंबईत मेथडिस्ट काम सुरू झालं ते 1871 साली विल्यम टेलर आल्यावर. त्यात सामील झालेला जॉर्ज बोवेन 1848 पासूनच इथे होता. मिशनचा पगार त्याने सोडून दिला होता, गरिबांच्या वस्तीत राहिला, मराठी शिकला आणि 1888 साली इथेच वारला. चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही. त्याच्या नावाचं बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च अपोलो बंदराजवळ आहे. या माणसाला मी साहेबांच्या रांगेत बसवू शकत नाही.

तरीही मत पुरतं बदललं ते ऑर्गनच्या पोटात डोकावल्यावर. दुरुस्ती जाणणाऱ्या एका माणसाने मागची फळी काढून दाखवली. दर्शनी नळे म्हणजे ऑर्गनचा थोडासाच भाग. खरं काम आत आहे. भात्याने हवा भरायची, ती एका बंद पेटीत दाबाने साठवायची, पट्टी दाबली की झडप उघडते आणि साठलेली हवा नळीत शिरते. नळ्या दोन जातींच्या. एका जातीत हवा ओठावर आपटून बासरीसारखा सूर निघतो. दुसरीत पितळेची पातळ जीभ असते आणि ती आपल्या खोबणीच्या काठावर आपटत थरथरते. त्या दुसऱ्या जातीची एक नळी त्याने उपसून माझ्या हातात दिली.

ही जीभ मी ओळखत होतो. तारप्याला वाळलेला भोपळा असतो, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांच्या वरच्या टोकाला बांबूचीच जिभळी, आणि खाली ताडाच्या पानांचा कर्णा. फुंक आधी भोपळ्यात भरते आणि तिथून जिभळ्यांना मिळते. वाजवणारा नाकाने श्वास ओढत गालांनी फुंक चालू ठेवतो, म्हणून सूर तुटत नाही. ऑर्गनची हवापेटी तेच काम करते. हार्मोनियम आपण डोळे मिटून आपला मानला. त्याची पत्ती मात्र चौकटीतून आरपार हलणारी, वेगळ्या जातीची. ऑर्गनची ही नळी हार्मोनियमपेक्षा तारप्याच्या जवळची आहे. हे कळल्यावर माझी जुनी मांडणी उभीच राहीना.

मग फिलिपिन्समधल्या लास पिन्यासची हकिगत वाचली. दिएगो सेरा या पाद्र्याने 1816 साली तिथे ऑर्गन बांधायला घेतला. बांबू मुबलक, म्हणून नळ्या बांबूच्या. कीड लागू नये म्हणून ते बांबू समुद्राच्या वाळूत पुरून ठेवले. 1824 साली काम पुरं झालं. एकूण 1031 नळ्या, त्यांतल्या 902 बांबूच्या. भूकंप आणि वादळं यांनी तो खिळखिळा झाला, तेव्हा 1970 च्या दशकात तो जर्मनीत बॉनला नेला, दुरुस्त करून 1975 साली परत आणला, आणि तेव्हापासून तिथे बांबू ऑर्गनचा उत्सव भरतो. त्या गावात जाऊन हा परका आहे असं मी म्हणू शकलो असतो का? आणि इतकं दूर तरी कशाला जायचं! बालगंधर्वांच्या साथीला पायपेटीचा ऑर्गन असे. भात्यावर चालणारं ते वाद्यही परदेशातूनच आलेलं. नाट्यसंगीतातून ते वजा करा असं कोणी मराठी माणूस म्हणणार नाही, आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

जुन्या मतातलं काही मी सोडलेलं नाही. ऑर्गनवर अभंग वाजवू नये. नळीचा सूर जागचा हलत नाही, त्याला मींड नाही. टिळकांच्या रचनेला टाळ आणि गळा पुरेसा आहे. ऑर्गनने स्वतःचं संगीत वाजवावं आणि उपासनेत दोघांना आपापली वेळ असावी. पैशाचा प्रश्नही खोटा नाही. ज्या तालुक्यात आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथल्या माणसाला हा खर्च खुपणारच. मलाही खुपतो. म्हणून दुरुस्तीचा निधी मंडळीच्या मदतकार्याच्या पैशातून घेऊ नये, तो वेगळा उभा करावा, यावर मी अजून ठाम आहे.

पण बंद ठेवणं म्हणजे जपणं, हे मी आता मानत नाही. मुंबईच्या दमट हवेत न हललेल्या भात्याचं कातडं तडकतं, झडपा चिकटतात, लाकडाला वाळवी लागते. तारप्याचंही तसंच आहे. भिंतीवर टांगलेल्या तारप्याची जिभळी वाळते, मेण सुटतं, आणि आता जव्हार-मोखाड्याच्या हॉटेलांत शोभेला टांगलेले तारपे मी बघतो तेव्हा ते कोणी वाजवत असेल का, हाच पहिला विचार येतो.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी माझा विरोध मागे घेतोय. सोबत दोन सूचना लिहून देणार आहे. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातच मंडळीतल्या दोन तरुण मुलामुलींच्या शिक्षणाची रक्कम धरावी, कारण वाजवणारा नसेल तर पाच वर्षांत आपण पुन्हा इथेच येऊ. आणि कापणीच्या सणाच्या उपासनेला जामसरहून तारपा वाजवणाऱ्यांना बोलवावं, योग्य मानधन देऊन, आणि त्यांनी काय वाजवायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं.