राजवाड्यातील पान

आमचे बिऱ्हाड शिरवण्यास येऊन आता बरीच वर्षे झाली. नेरूळ व जुईनगर यांच्या मध्ये, इमारतींच्या दाटीत सापडलेले हे जुने आगरी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भोवतालच्या भातखाचरांचे नगर झाले, आणि पुढे गावठाणातील कौलारू घरेही एकामागून एक उतरून त्यांच्या जागी मजले चढले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ एकदा सहज म्हणाले, "भाडे येते, नाही असे नाही, पण पंगत बसवायला ओटी राहिली नाही." गेल्या वैशाखात हे वाक्य मला वारंवार आठवले, कारण आमच्या स्वतःच्या ओटीचा प्रश्न सोडविण्यासाठीच आम्ही सहकुटुंब कोकणात निघालो होतो.

प्रश्न असा, की सावंतवाडीपासून चार-पाच कोसांवर आमचे वडिलार्जित घर आहे. गणपतीचे पाच दिवस ते उघडते; एरवी त्यात वाळवी सुखाने नांदते. ओळखीच्या एका गृहस्थांनी ते दहा वर्षांच्या कराराने मागितले. प्रवाशांस उतरण्यासाठी चार खोल्या, आणि माजघरात भोजनगृह! दादांचा कल होकाराकडे, धाकट्या बंधूंचा नकाराकडे. आणि आत्यांची सही तर हवीच, कारण आजोबांच्या पश्चात कन्येचा वाटाही कायद्याने त्यात आला आहे. आत्यांचे वय ऐंशीच्या घरातले. त्यांचे म्हणणे एकच. "ज्या दारातून वाटसरू कधी उपाशी गेला नाही, तिथे भाताचे पैसे घ्यायचे?" यावर दादांची वकिली चालेना. तेव्हा वहिनींनी तोड काढली. सावंतवाडीच्या भोसल्यांनी आपल्या राजवाड्याच्या आवारातील ताईसाहेब वाड्यात प्रवाशांची व भोजनाची सोय केली आहे. तेथे आधी एक वेळ जेवावे, आणि मग घरी जाऊन काय ते बोलावे.

पनवेलीस गाडीत बसलो. आत्यांनी दशम्या व कोरडी चटणी बरोबर घेतली होतीच, "न जाणो, नाहीच गेले घशाखाली तर!" लग्नानंतर त्या प्रथम मुंबईस आल्या त्या वेंगुर्ल्याच्या आगबोटीने. १९९८ साली कोकण रेल्वे अखंड सुरू झाली. तरी अजून प्रत्येक बोगद्यात त्या हात जोडतात.

सावंतवाडीस उतरून मोती तलावाच्या काठी आलो, तेव्हा समोर झाडीतून जांभ्या दगडाचा तांबूस वाडा दिसला. राजवाडा म्हटल्यावर मुलांनी मनात जे चित्र रंगविले होते, त्याच्याशी तो मुळीच जुळेना. हा वाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. त्यांची राणी लक्ष्मीबाई ही जयाप्पा शिंद्यांची कन्या. संस्थान १९४८ साली विलीन झाले. राज्य गेले, वाडा मात्र उरला. आणि वाडा उरला म्हणजे कौलेही उरली! दर पावसाळ्यापूर्वी कौले परतविण्याचा खर्च ज्याने केला आहे, त्यास निराळे सांगावयास नको.

ताईसाहेब वाड्यातील खोल्यांस मत्स्य, कूर्म, वराह अशी अवतारांची नावे आहेत. त्याचे कारण दरबार हॉलमध्ये कळते. तेथे कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवीत असतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशे वीस वाटोळी पाने. ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या सुमारास शिवरामराजे व बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंतास बोलावून आणले, स्वतः त्यांच्याकडून धडे घेतले, आणि वाड्यातच कारखाना घातला. म्हणजे पोटासाठी वाड्याचे दार उघडण्यास तेव्हाच आरंभ झाला होता. आत्या एक पान हाती घेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या वडिलांच्या ओटीवर ही पाने खेळत. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची.

जेवणाची वर्दी आम्ही आधीच दिली होती. शेजारच्या मेजावर मासळीची ताटे आली, तेव्हा आत्यांनी काही न बोलता आपली खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. आमच्या ताटात उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, रायवळ आंब्यांचे रायते व सोलकढी. उसळीचे वाटप किंचित जाड वाटले. सोलकढी मात्र दुसऱ्यांदा मागावी अशी होती. शेवटी नारळाच्या रसात शिरवाळे आले. "शिरवण्याहून येऊन शिरवाळेच!" म्हणून मुले खिदळली.

आत्यांनी वाढणाऱ्या मुलीस जवळ बोलाविले. "शिरवाळे कोणी गाळले गं?"

"माझ्या आईनं, आजी. ती इथंच स्वयंपाकात असते."

"एकटीनं?"

"नाही हो, एकटीला साचा दाबवत नाही. मावशी असते जोडीला."

ज्यांनी शिरवाळे गाळले आहेत त्यांस हे पटेल. तांदळाच्या पिठाचे गोळे पाण्यात उकडावयाचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबावयाचे. गोळा निवला की संपले. एकीने साचा धरावा, दुसरीने सर्व भार टाकावा. आत्यांनी वाटी पुसून स्वच्छ केली. दशम्यांचा डबा उघडलाच नाही. देयक आले तेव्हा त्यांनी कनवटीचे पैसे काढून आपल्या ताटाचे वेगळे दिले. दादांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण ऐकतो कोण!

तिन्हीसांजेस घरी पोहोचलो. कुलूप गंजलेले, दादांनी दार खांद्याने लोटले. आत्या देवघरात दिवा लावून आल्या आणि तडक माळ्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "अरे, वरचा साचा काढ." कोळिष्टकांतून तो निघाला, एक पाय वाळवीने खाल्लेला, बाकी धड. वहिनींनी तो धुऊन ओटीवर उन्हाच्या बाजूस ठेवला.

रात्री आत्यांनी आपल्या हाताने कागदावर तीन कलमे लिहिली. देवघर करारात नाही. गणपतीचे पाच दिवस घर आपले. आणि माजघरात शिजविणाऱ्या बाया याच गावच्या असाव्यात, त्यांचे वेतन करारात लिहावे. वाटसरूचे काय, असे धाकट्याने विचारले. आत्या थोडा वेळ थांबल्या, आणि मग चौथे कलम घातले, की अडलेल्या वाटसरूस मीठभाकरी विनामूल्य द्यावी.

घर मागणाऱ्या गृहस्थांस पहिली तीन मान्य आहेत. चौथ्यावर पत्रव्यवहार चालू आहे, आणि धाकट्याची सही अद्याप व्हावयाची आहे.