हाताला सुचलेला विचार

सर्जनशीलता हा शब्द अलीकडे शाळांच्या माहितीपत्रकांत हमखास आढळतो. पालकही तो मोठ्या आशेने वाचतात. परंतु सर्जनशील विचार ही शिकवणीवर्गात घोकून घेण्याची विद्या नव्हे. हाताने काही घडविता घडविता ती अंगी येते, आणि चित्रकला हे तिचे सर्वांत जवळचे दार आहे, असे आम्हांस वाटते.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही अधूनमधून मुलांना कोरे कागद वाटतो आणि नुकत्याच सांगितलेल्या दाखल्याचे चित्र काढावयास सांगतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फादर, नमुना कुठे आहे?" नमुना दिला की सर्व कागदांवर एकच मेंढपाळ उमटतो. नमुना नाही म्हटले की वर्ग क्षणभर गोंधळतो आणि मग हळूहळू प्रश्न येऊ लागतात. हरवलेले मेंढरू काट्यांत अडकले होते की खड्ड्यात पडले होते? मेंढपाळ निघाला तेव्हा रात्र होती का? मागे राहिलेल्या नव्व्याण्णवांना कोणी राखले? गोष्ट ऐकताना यांतला एकही प्रश्न कुणाला पडलेला नसतो. 'तो शोधावयास निघाला' एवढ्यावर कानांचे समाधान होते. हाताला मात्र ती वाट, तो अंधार, ते काटे ठरविल्यावाचून पुढे सरकता येत नाही. अनेक शक्यतांतून एक निवडणे आणि तिच्या परिणामांना सामोरे जाणे, सर्जनशील विचार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

नाताळचा तारा घ्या. बांबूच्या पाच कामट्यांचा एक, असे दोन तारे बांधावयाचे, ते एकमेकांवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळावयाची आणि आतल्या पाच सांध्यांत लहान आडकाड्या बसवून ताऱ्याला फुगवटा आणावयाचा. मग पतंगाचा कागद आणि खळ. एक कामटी बोटभर आखूड पडली तरी टोक वाकडे होते. आडकाडी लांब झाली तर कामटीच मोडते. असा तारा बांधताना मूल मोजते, चुकते, सोडते, पुन्हा बांधते. चूक म्हणजे अपयश नव्हे, ती पुढच्या प्रयत्नाची माहिती आहे, हा धडा त्याला कोणत्याही उपदेशावाचून मिळतो. बाजारातून आणलेला तारा अधिक झगमगतो खरा, पण तो मुलाला काही विचारीत नाही.

गव्हाणीचेही तेच. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे नाताळचा देखावा उभारला तो गवत, गव्हाण, बैल आणि गाढव या हाताशी असलेल्या गोष्टींतून. बेथलेहेम आपल्या गावात कसे दिसेल, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली तेव्हा अनेकांना अडचण वाटली. वास्तविक पेंढा, माती, झावळ्या यांकडे पुन्हा वळण्याची ती चांगली संधी होती.

फ्रान्सिसचाच प्रश्न आपल्या भूमीत एका चित्रकाराने विचारला. गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली कलेचा अभ्यास केला. पवित्र मरिया आपल्या मातीतली असती तर कशी दिसली असती? त्यांनी तिला साडी नेसविली. युरोपीय चित्रांना सरावलेल्या अनेक गोवेकरांना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ साली निधन होईपर्यंत चित्रे काढीत राहिले. नमुना बाजूला ठेवणाऱ्याला किंमत मोजावी लागते. पण आपल्या बोलीत प्रार्थना करणाऱ्यांना आपल्या रूपातली माता त्यामुळेच भेटली.

कोणी म्हणेल, प्रत्येक मूल काही चित्रकार व्हावयाचे नाही. मान्य आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली कलावंतांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे. मात्र स्वतःचे जीवन कलाकृतीप्रमाणे घडविण्याचे काम प्रत्येकावर सोपविलेले आहे, असेही ते म्हणतात. आमच्याकडे नोकरी, विवाह, घरातली भांडणे यांविषयी सल्ला मागण्यास येणारी तरुण मंडळी शिकलेली असतात, पण पुष्कळदा त्यांचाही प्रश्न तोच असतो: नमुना कुठे आहे? आयुष्य कोऱ्या कागदासारखे समोर येते आणि त्यावर पहिली रेघ आपणच ओढावयाची असते. याची सवय लहानपणी, पेन्सिलीने झाली तर बरे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. चित्रकलेचा तास म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ समजू नका. रेखाकला परीक्षेची श्रेणी किंवा दहावीचे वाढीव गुण एवढ्यासाठीच मुलाच्या हाती रंगपेटी देऊ नका. मुलाने जांभळे झाड काढले तर लगेच हिरवा खडू पुढे करू नका. झाड जांभळे का, एवढे विचारा आणि उत्तर ऐकण्यासाठी थोडे थांबा. निर्गमाच्या पुस्तकात देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले ते सोने, पाषाण आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. हाताचे कौशल्यही त्याच आत्म्याचे दान आहे. ते दान आपल्या घरातील मुलाला मिळाले आहे की नाही, हे त्याच्या हाती कोरा कागद दिल्यावाचून कळणार कसे?