नागपूरचा शरद आणि घरांतलीं मुलें

हल्लींच्या मुलांच्या रंगीत पुस्तकांत ऋतु बहुधा चारच असतात. तिसऱ्या चित्रांत तांबडीं-पिवळीं पानें गळत असतात, गळ्याभोंवतीं लोकरीचा पट्टा गुंडाळलेलें एक मूल त्या पानांत उभें असतें आणि खालीं 'ऑटम' असें छापलेलें असतें. नागपूरच्या घरांतलें पांच वर्षांचें मूल तें पाठ करतें आणि मग खिडकींतून बाहेर पाहतें. बाहेर कडुनिंब हिरवागार असतो, कुंपणावर वेली चढलेल्या असतात, आणि दुपारचें ऊन असें कीं अंगांत सदराही नकोसा व्हावा. "आपल्याकडे ऑटम केव्हां येतो?" हा त्याचा प्रश्न खुळा नाहीं. त्याला उत्तर देणें हें घरांतल्या वडील माणसांचें काम आहे. आणि तें उत्तर नुसत्या पुस्तकांतून देतां येत नाहीं. अंगणांत, गच्चीवर आणि गांवाबाहेर नेऊनच तें द्यावें लागतें.

आमच्या पूर्वजांनीं ऋतु सहा मानले ते उगाच नव्हेत. पानगळ आमच्याकडेही होते, पण ती शिशिरांत. विदर्भांतला साग आणि पळस माघ-फाल्गुनाच्या सुमारास उघडे पडतात. आश्विन-कार्तिकाचा शरद हा गळण्याचा नव्हे, भरण्याचा ऋतु आहे. तळीं भरलेलीं, कणसें भरलेलीं, आणि चंद्रही वर्षांतला सर्वांत भरलेला! ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत नैर्ऋत्येचे वारे नागपुरावरून माघार घेतात. चार महिन्यांच्या पावसानें हवेंतली धूळ धुऊन काढलेली असते. ढग गेले कीं आकाशाचा निळा रंग एकाएकीं खोल दिसूं लागतो. दुपारीं पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो, परंतु रात्रीं आकाश मोकळें असल्यामुळें दिवसाची उष्णता लवकर निघून जाते व पहाटे पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटतें. एकाच दिवसांत उन्हाळा व हिवाळा दोन्ही भेटतात, असें मुलांना सांगितलें तर तें त्यांना चटकन पटतें, कारण तें त्यांच्या अंगाला कळलेलें असतें.

वर्षेचें जाणें मात्र दरवेळीं सौम्य नसतें. सन २०२३ मध्यें, हस्त नक्षत्र लागण्यास तीन-चार दिवस उरले असतां, २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरांत असा पाऊस कोसळला कीं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. कित्येक घरांतलीं धान्यें, कपडे आणि मुलांचीं दप्तरें एका रात्रींत चिखलांत गेलीं, माणसेंही दगावलीं. ज्या नदीवरून आपल्या शहरास नांव मिळालें, ती वर्षभर आपण नाला म्हणून विसरतों, ती त्या पहाटे आपली आठवण करून देऊन गेली. ऋतूचें कौतुक मुलांना शिकवितांना त्याचा हा दुसरा चेहरा झांकून ठेवूं नये. पाण्याला वाट लागते, आणि ती वाट बुजविली तर पाणी घरांतून वाट काढतें, इतकें लहान मुलालाही समजतें.

शरदाचीं चिन्हें शोधणें हा मुलांचा उत्तम खेळ होऊं शकतो. आमच्या घरीं आम्ही त्यांना चार खुणा देतों. पहिली जमिनीवरची: रस्त्याच्या कडेला आणि नाल्यांच्या कांठीं काशाच्या गवताला पांढरे तुरे आले कीं नाहींत? कालिदासाच्या ऋतुसंहाराचा तिसरा सर्ग शरदाचा असून त्यांत हा ऋतु काशाचें वस्त्र नेसलेल्या नववधूसारखा येतो. दुसरी अंगणांतली: सकाळीं पारिजातकाखालीं किती फुलें पडलीं आणि त्यांचे देंठ केशरी कां? तिसरी पाण्याकांठची: शेपटी सारखी वरखालीं हालविणारा धोबी पक्षी दिसला काय? संस्कृत कवींचा खंजन तो हाच. हिमालयाकडून आणि त्याहीपलीकडून तो दरवर्षीं आमच्या मैदानांत हिवाळा काढावयास येतो. फुटाळ्याच्या किंवा अंबाझरीच्या कांठीं सकाळीं थोडें थांबलें तर तो बहुधा निराश करीत नाहीं.

चौथी खूण आकाशांतली, आणि तिच्यासाठीं मुलांना उठवावें लागतें. ऑक्टोबरच्या मध्यास पहाटे पांचच्या सुमारास गच्चीवर जाऊन नीट दक्षिणेकडे पाहिलें, तर क्षितिजापासून सुमारें १६ अंशांवर एक अत्यंत तेजस्वी तारा दिसतो. हात लांब करून मूठ धरली, तर तिची रुंदी अदमासें १० अंश भरते. म्हणजे क्षितिजावर दीड मूठ मोजली कीं तारा सांपडला. हा अगस्त्य. साऱ्या आकाशांत व्याधाच्या खालोखाल तेज याचेंच. अगस्त्य उगवला कीं गढूळ पाणी निवळतें, असें आमचे जुने लोक मानीत. दिवसा सूर्यानें तापलेलें, रात्रीं चंद्रानें निवविलेलें आणि अगस्त्योदयानें निर्मळ झालेलें तें 'हंसोदक' अशी आयुर्वेदाची परिभाषा आहे. पाणी निवळतें तें ताऱ्यामुळें नव्हे, पाऊस थांबून गाळ तळाशीं बसल्यामुळें, हें मुलांना अवश्य सांगावें. पण ज्यांनीं घड्याळ आणि छापील पंचांग हातीं नसतां या दोन गोष्टींची गांठ घातली, त्यांच्या निरीक्षणाचें कौतुकही त्याच वेळीं सांगावें. युरोपच्या बहुतेक भागांतून हा तारा दिसतच नाहीं, हें कळल्यावर मुलांचा ऊर किंचित फुगतो; तेवढा फुगूं द्यावा.

संध्याकाळ मात्र भुलाबाईची. देशावरच्या वाचक-भगिनींचा भोंडला किंवा हादगा, तसा आमच्या वऱ्हाड-नागपुराकडचा हा मुलींचा सण. भाद्रपदी पौर्णिमेस मातीच्या भुलोबा-भुलाबाई घरांत येतात आणि आश्विनी पौर्णिमेपर्यंत महिनाभर राहतात. भुलाबाई म्हणजे माहेरीं आलेली पार्वती आणि भुलोबा म्हणजे तिच्या मागोमाग आलेला शंकर. रोज संध्याकाळीं शेजारपाजारच्या मुली जमतात, गाणीं म्हणतात आणि शेवटीं झांकून ठेवलेली खिरापत ओळखतात. ओळखतां न येणारी खिरापत करणें यांत घरच्या आईची कसोटी असते. त्या गाण्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, आणि सासूला चिमटेही आहेत. ज्या काळीं सून तोंड उघडूं शकत नव्हती, त्या काळीं तिचें मन या गाण्यांनीं उघडें केलें. आज आठ मजल्यांच्या इमारतींत शेजारची मुलगी कोण हेंच ठाऊक नसतें. अशा ठिकाणीं एका घरानें भुलाबाई बसवावी आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या मुलांना, मुलगे असले तरी, बोलवावें. गाणीं पाठ असलेली एखादी आजी प्रत्येक इमारतींत अजून सांपडते. तिच्याकडून तीं उतरून घेण्यास मात्र फार वर्षें हातीं आहेत असें समजूं नये.

नवरात्र संपून दसरा येतो. आपट्याचें सोनें लुटतांना मुलांना झाडही दाखवावें, कारण बाजारांत आपटा म्हणून पुष्कळदां कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. आपट्याचें पान लहान, जाड आणि खरखरीत असतें. एक पान दिलें तरी सोनें पोहोंचतें, त्यासाठीं फांदी ओरबाडावी लागत नाहीं. पण नागपूरच्या दसऱ्याला सीमोल्लंघनाचा आणखी एक अर्थ आहे. सन १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह याच शहरांत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून दरवर्षीं या दिवसांत दीक्षाभूमीकडे माणसांचा पूर लोटतो. पांढऱ्या वस्त्रांतलीं कुटुंबें दूरदूरच्या गांवांहून येतात; कित्येकांच्या खांद्यावर लहान मूल, आणि परततांना हातांत पुस्तकांची पिशवी असते. त्या दिवसांत तेथें होणारी पुस्तकांची विक्री पाहून कोणत्याही विद्याव्यासंगी म्हणविणाऱ्या घराला विचार करावा लागेल. आमच्या घरांतल्या मुलांनीं "हे इतके लोक कोठें चालले आहेत?" असें विचारलें, तर 'आज रस्त्यावर गर्दी आहे' हें त्याचें उत्तर नव्हे. शतकानुशतकें कोणाला मंदिराबाहेर व पाणवठ्याबाहेर ठेवलें गेलें, कोणीं ठेवलें, आणि त्यांनीं कोणता रस्ता धरला, हें मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावें. सन २००१ मध्यें खुला झालेला तेथील भव्य स्तूप त्यांना नेऊन दाखवावा. गांवाची वेस ओलांडणें सोपें आहे. आपल्या मोहल्ल्याची वेस ओलांडणें हेंच खरें सीमोल्लंघन.

दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारीं रामटेक गांठावें. कामठी, कन्हान, मनसर असा सुमारें ५० किलोमीटरांचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऋतूचा पाठ उघडा पडलेला असतो. कोठें सोयाबीन कापून ढीग घातलेले, कोठें कपाशीचीं पहिलीं बोंडें फुटलेलीं, कोठें तूर फुलावर, तर रामटेकाजवळ धानाचा पिवळा रंग. टेकडीवर चढून मंदिरांचीं शिखरें व खालचीं तळीं पाहिलीं कीं मुलांना मेघदूताची गोष्ट सांगावी. रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं साधार प्रतिपादिलें. इतर विद्वान दुसरीं स्थळें सुचवितात, तो वाद मुलांनीं मोठेपणीं वाचावा. मेघदूत हें वर्षेचें काव्य अशी आपली समजूत असते. पण यक्षाच्या आशेचा ऋतु वर्षा नव्हे, शरद आहे. विष्णु शेषशय्येवरून उठेल तेव्हां, म्हणजे कार्तिकी एकादशीस, त्याचा शाप संपणार; आणि विरहांत साठविलेले मनोरथ शरदाच्या चांदण्यांत पुरे करूं, असाच निरोप तो पत्नीला पाठवितो. ज्यांचे बाबा किंवा आई नोकरीसाठीं दूरदेशीं आहेत, अशीं मुलें आज घरोघर आहेत. दिवाळीला परत येणाऱ्या माणसाची वाट पाहणें म्हणजे काय, हें त्यांना निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

परततांना बाजार पाहावा. तळ्यांतून काढलेले शिंगाडे उकडून काळेभोर झालेले हातगाडीवर असतात. त्यांची शिंगें जपून सोलणें हा मुलांच्या संयमाचा धडा आहे. सीताफळें असतात, आणि आंबिया बहाराचीं पहिलीं संत्रीं दिसूं लागतात. जानेवारी-फेब्रुवारींत जें फूल आलें, त्याचें हें फळ. मृग बहाराचें फळ पुढें फेब्रुवारी-मार्चांत येईल. आंत आईच्या पोटांत बाळाला लागतात तितकेच महिने या फळालाही लागतात, असें सांगितलें तर मूल तें संत्रें जरा हळू खातें.

आतां थोडें जपण्याविषयीं. शरद ही वैद्यांची माता, अशी जुनी म्हण आहे. म्हणजे या ऋतूंत वैद्याचें पोट चांगलें भरतें. आयुर्वेद हा पित्तप्रकोपाचा काळ मानतो आणि दूध, तूप, गोड व हलका आहार सांगतो. आजच्या नागपूरकराला मात्र सर्वांत मोठें भय डेंग्यूच्या डांसाचें आहे. हा डांस घाणींत नव्हे, साचलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो, आणि अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. नागपुरांत घरोघर उन्हाळ्याचा कूलर असतो, आणि वापर संपल्यावर गच्चींत वा खिडकींत पडलेल्या त्याच्या टाकींत पावसाचें पाणी राहतें. म्हणून दर रविवारीं मुलांना बरोबर घेऊन कूलर, कुंड्यांच्या ताटल्या, पक्ष्यांसाठीं ठेवलेलें भांडें, सर्व ओतून घांसून कोरडें करावें. हें काम मुलें आनंदानें करतात, आणि अगस्त्यानें न निवळलेलें पाणी त्यांच्या हातून निवळतें. ताप आला तर दोन दिवस घरगुती काढ्यावर न घालवितां डॉक्टरांकडे जावें.

कोजागिरीस भुलाबाईची बोळवण होते. त्या रात्रीं घरांतल्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची आमची चाल आहे. पूर्वीं दहा-बारा मुलांच्या घरांत हा मान एखाद्यालाच मिळे, आणि बाकीचीं हिरमुसून बघत. आज पुष्कळ घरांत एकच मूल आहे आणि तेंच ज्येष्ठ, तेंच कनिष्ठ. तेव्हां इमारतींतल्या सर्व मुलांना गच्चीवर एका ओळींत बसवून ओवाळावें. त्यांत घरकाम करणाऱ्या बाईंचीं मुलेंही असावींत. आटीव दुधांत चंद्र पाहावा आणि मग तें प्यावें. लक्ष्मी मध्यरात्रीं 'कोण जागा आहे?' असें विचारीत हिंडते, म्हणून ही कोजागिरी. लहान मुलें त्या वेळेपर्यंत बहुधा झोंपलेलीं असतात, आणि त्यांना उठवूं नये. त्यांच्या वतीनें जागें राहणें हें मोठ्यांचें काम आहे. आणि आजूबाजूला काय फुललें, काय उगवलें, कोण चाललें आहे, याविषयीं वर्षभर जागें राहिलें, तर पुढच्या आश्विनांत शरद कोणता हें मुलेंच आपल्याला दाखवितील.