आरशातून निघालेली सावली

शिफ्ट दाबून धरायचं आणि बाणाची कळ एकदाच टिचकवायची. राजपुत्र जपून एक पाऊल टाकतो आणि कड्यावर थांबतो. तिथून दोन पावलं मागे यायचं, धाव घ्यायची, आणि कडा पायाखाली यायच्या जरा आधीच उडीची कळ दाबायची. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मधली ही उडी बोटांत बसायला मला कॉम्प्युटर क्लासची एक आख्खी सुट्टी लागली.

त्या राजपुत्राला वजन होतं. धावता धावता तो एकदम थांबत नसे, घसरत जाई. खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट बघून ही आकृती काढली, हे मला फार उशिरा कळलं. खेळ 1989 चा, अ‍ॅपल टूसाठी केलेला. त्या यंत्राच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं वापरून सावली उभी केली. खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी अडचणीतून आली.

चौथ्या पातळीवर आरशातून उडी मारली की ती सावली सुटते. पुढे ती आपली औषधाची बाटली पिऊन टाकते, तोंडावर दार पाडते. बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर येते. मी वार केला की तिच्या जिवाचा एक त्रिकोण जाई आणि माझाही. खेळासाठी दिलेल्या साठ मिनिटांचं घड्याळ चालूच. किती दिवस मी असा स्वतःलाच मारत होतो! एकदा घाईत खालच्या बाणावर बोट पडलं आणि तलवार म्यान झाली. सावलीनेही म्यान केली. मी पुढे सरकलो, ती माझ्यात विरून गेली. मग समोरच्या पोकळीत धावलो, तर पायाखाली एकेक फरशी उमटत गेली. शेजारच्या मुलाने माझा दंड घट्ट धरला होता.

पुढचे भागही मी मनापासून खेळलो. 2003 च्या ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये खंजिराने काळ मागे फिरवता येतो, चुकलेली उडी उलटी परत येताना बघणं अजूनही विलक्षण वाटतं. भीती कमी झाली, तसं धाडस वाढलं. 2008 च्या भागात मात्र पडलं की सोबतीण एलिका दर वेळी हात देऊन वर ओढते. तिथे माझं मन रमलं नाही. पडायची धास्तीच नसेल, तर कड्यावर थांबून अंदाज घ्यायचं कारण उरत नाही. 2024 च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये ती धास्ती परत आली, आणि पात्रांना फारसीत बोलताना ऐकायची सोयही.

सध्या माझी मुलगी पहिला भाग खेळते आहे. काल ती आरशापर्यंत पोचली. बाराव्या पातळीबद्दल मी तिला काहीही सांगितलेलं नाही.