एका पोत्याचं गणित

मृग लागला की अमरावती-अकोल्याच्या कृषी केंद्रांपुढे डीएपीसाठी रांगा लागतात. "सायेब, डीएपी भेटून नाही राहिली, आता पेरू कसा?" माती परीक्षणाच्या कामात हा प्रश्न मी दर हंगामात ऐकतो. विचारणाऱ्याची काळजी खरी असते, कारण पेरणीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. पण पोत्यावरचं नाव बघून खत घेण्याची ही सवय वऱ्हाडातल्या शेतीला फार महाग पडते आहे.

50 किलोच्या डीएपीच्या पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद असतं. पालाश नाही, गंधक नाही. सोयाबीन हे प्रथिनांचं आणि तेलाचं पीक; दोन्हींसाठी त्याला गंधक लागतं. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली, तर त्यांतून 24 किलो स्फुरद मिळतं आणि सोबत 16 किलोच्या आसपास गंधक. राहिलेलं 9 किलो नत्र 20 किलो युरियातून भागतं. हमाली वाढते, खर्चही थोडा चढतो; पण सोयाबीनला हेक्टरी 20 किलो गंधकाची शिफारस आहे आणि या तीन पोत्यांत एका एकराची ती गरज भागून वर उरतं. युरिया आणि सुपर फॉस्फेट कालवून रात्रभर ठेवू नका, मिश्रणाला ओल सुटते. पेरायच्या वेळीच मिसळा.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पीक महिन्याचं झालं की जरा फिकट दिसतं आणि युरिया फेकला जातो. 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं, म्हणून हात आखडत नाही. 1 एप्रिल 2010 पासून स्फुरद-पालाशाच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर ठरू लागलं आणि त्यांचे दर वर गेले. युरिया त्या धोरणाबाहेर राहिला. स्वस्त ते जास्त वापरलं गेलं, यात शेतकऱ्याला दोष देण्यासारखं काही नाही.

युरिया टाकण्याआधी एवढं मात्र जरूर करा. पेरणीनंतर 35-40 दिवसांनी सोयाबीनचं एक झाड मातीसकट हळूच उकरून काढा, मुळं पाण्यात धुवा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली, तर रायझोबियमचे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला पुरवत आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर गाठ कामाची नाही. आयतं नत्र मिळालं की झाड या गाठींना पोसत नाही. युरिया देऊन आपण फुकटचा पुरवठा बंद करतो आणि त्याच्या जागी विकतचा लावतो.

पीक पिवळं पडण्याचं कारण अनेकदा नत्र नसतंच. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर. ढेकळावर विरळ आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून फेस येतो. अशा जमिनीचा सामू आठच्या वर असतो; लोह आणि जस्त जमिनीत असूनही मुळांच्या हाती लागत नाहीत. झडीच्या पावसात पाणी साचलं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. तिथे पाण्याचा निचरा करायचा आणि फेरस सल्फेटची फवारणी द्यायची; युरिया तिथे वाया जातो. स्फुरदाचंही तसंच. चुन्याशी बांधलं गेल्यामुळे दिलेल्या स्फुरदातलं पहिल्या हंगामात पिकाला साधारण 15 ते 20 टक्केच मिळतं. म्हणून ते वरून फेकायचं नाही, बियाण्याच्या खाली-बाजूला पेरून द्यायचं.

या सगळ्याच्या मुळाशी सेंद्रिय कर्ब आहे. कोरडवाहू जमिनींच्या अहवालांत कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसणं नेहमीचं झालं आहे. ढोरं कमी झाली, उकंडे गेले, आणि मळणीनंतरचं कुटार व पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते. त्या धुरात नत्र आणि गंधकही जातं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988-89 पासून ज्वारी-गहू पीकपद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग सुरू झाला. त्याचा निष्कर्ष सरळ आहे: नुसत्या नत्रावर जमीन उतरत जाते, आणि संतुलित खतासोबत शेणखत दिलं तर उत्पादनही टिकतं आणि कर्बही वाढतो.

अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी रासायनिक खत पूर्ण सोडण्याचा मार्ग देशभर नेला. जमीन जिवंत ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला पूर्ण मान्य आहे. पण दरवर्षी दाण्यातून जे स्फुरद बाजारात जातं, ते कुठून तरी परत यावंच लागतं, असं माझं मत आहे. पुरेसं शेणखत असेल तर त्यातून. नसेल तर पोत्यातून.

दर्यापूर, अकोटकडच्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात हिशेब आणखी वेगळा. तिथे सोडियममुळे मातीची घडण बिघडलेली. आधी जिप्सम, धैंचा किंवा बोरूचं हिरवळीचं खत आणि निचरा, मग खताच्या मात्रेचा विचार.

"कार्ड तर आहे आमच्याजवळ," असं पुष्कळ जण सांगतात. 2015 मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना आली, तेव्हा कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक नमुना घेतला गेला. तुमच्या कार्डावरचा आकडा शेजाऱ्याच्या वावरातला असू शकतो. म्हणून नमुना स्वतः घ्या. हरभरा निघाला की, खत देण्यापूर्वी, नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या. बांध, झाडाखालची जागा, विहीर आणि उकंड्याजवळची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका. कापडी पिशवीत नाव, गट क्रमांक आणि पुढचं पीक लिहून चिठ्ठी टाका आणि जिल्ह्याच्या माती चाचणी प्रयोगशाळेत एप्रिलमध्येच पोहोचवा. अहवाल मृगाच्या आधी हातात हवा.